सातातली दोन गाणी

रात्रीचे साडेअकरा वाजलेत, पाऊस थांबायचं नाव घेत नाही आणि मला झोप लागेना. तेव्हा लिहूनच टाकते.

आज आमच्या बेळगावातल्या गल्लीच्या गणेशोत्सव मंडळाची मीटिंग होती. उत्सवाच्या दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाला पोरांचा बँड वाजवणार, हे महिनाभर आधीच ठरलेलं. माझा मुलगा त्यात बेस वाजवतो. आधीच सांगते, म्हणजे "स्वतःच्या पोरासाठी बोलते" असं नंतर कुणी काढायला नको. सात गाणी बसवलीत, पाच मराठी आणि दोन कानडी. आज अध्यक्षकाकांनी सांगितलं, "ती दोन नकोत. आपल्या मंडपात कानडी नको." पोरं म्हणाली, मग आम्हीच नको. गिटार खोळीतून न काढता घरी परत आली. मुलगा न जेवताच झोपला.

ती दोन गाणी कुणाची? शिशुनाळ शरीफांची. हावेरी जिल्ह्यात शिग्गावजवळ शिशुनाळ आहे. 1819 चा जन्म, 1889 ला गेले. जन्मानं मुसलमान, गुरू गोविंदभट्ट ब्राह्मण, आणि पदं अशी की शेतात भांगलण करणाऱ्या बायकांच्या तोंडी बसावीत. हीच पदं 'द रघु दीक्षित प्रोजेक्ट' या बँडनं गिटार-ड्रमवर आणली. आमच्या पोरांनी ती त्यांच्याकडूनच उचलली. उचलली म्हणजे जशीच्या तशी नाही. यांच्यात चौंडकं हे लोकवाद्य आहे. वाजवणारा पोरगा खानापूरकडचा. त्यानं ते काखेत धरून तार एकदा ओढली की पुढची पोरं उठून उभी राहतात.

आता आप्पांची, माझ्या वडिलांची, गोष्ट सांगते. माझ्या जवळच्यांनी ऐकलेली असेल. परत ऐका.

आप्पा रविवार पेठेत अडत दुकानात दिवाणजी होते. 1986 च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात त्यांनी पाठीवर लाठ्या खाल्ल्या. पावसाळ्यात खांदा धरायचा तो तेव्हापासूनचा. पुढं बऱ्याच वर्षांनी भावानं बेंगळूरहून रघु दीक्षितांची सीडी आणली होती. असाच पाऊस होता. शहापूरच्या आमच्या कौलारू घरात सोप्यात तीन ठिकाणी गळत होतं. आप्पा एक पातेलं, एक घमेलं आणि देवळीतला तांब्या घेऊन कुठल्या धारेखाली काय ठेवायचं ते बघत होते. मी सीडी लावली आणि मनात धास्ती, आता ओरडणार. गाणं सुरू झालं, सोरुतिहुदु मनिय माळिगी. आप्पा हातात तांब्या घेऊन तसेच उभे. आणि पुढचा शब्द गायकाच्या आधी त्यांनी म्हटला. "अज्ञानदिंद."

मी बघतच राहिले. म्हणाले, "दुपारची गाडी खाली झाली की हमाल थप्पीवर बसून म्हणायचे. घराचं छप्पर गळतंय, अज्ञानामुळं. घट्ट करणारा कोणी नाही." मग पातेलं वीतभर सरकवून म्हणाले, "तुझ्या सीडीवाल्यानं चाल बरी ठेवलीय."

एवढंच. पण ज्या माणसानं सीमाप्रश्नासाठी मार खाल्ला त्याला हे पद पाठ होतं, आणि त्याची त्याला लाज वाटत नव्हती. आज मंडपात ज्यांना लाज वाटली त्यांच्यातल्या किती जणांनी एकतरी लाठी खाल्लीय? हे मी उद्या तोंडावर विचारणार आहे.

होय, अन्याय होतोय. मराठीत कागद मिळत नाही, फलकावरनं मराठी पुसली जाते, 2004 पासून सीमाप्रश्नाचा खटला सुप्रीम कोर्टात पडून आहे. सगळं मान्य. 1 नोव्हेंबरला, कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची, काळी फीत मीही लावते. पण त्याचा राग शरीफांवर? दीडशे वर्षांपूर्वी हा माणूस गात होता तेव्हा धारवाड काय, बेळगाव काय, सगळं मुंबई इलाख्यातच होतं!

आणि ज्या मंडपात कानडी नको, तिथं पहाटे भोंग्यावर काय लागतं? भीमसेनांचे अभंग. गदगचा माणूस. शाळेच्या गॅदरिंगला आपण ज्या रंगमंदिरात जातो त्याला नाव दिलंय ते कुमार गंधर्व इथल्या सुळेभावीचे, घरची भाषा कानडी. त्यांना कधी कुणी विचारलं का, बाबा तू कुठला?

तिकडच्या कानडीवाल्यांनाही सोडणार नाही मी. गेल्या हिवाळ्यात एका कॉलेजच्या कार्यक्रमात याच पोरांना सांगितलं होतं, मराठी गाणी वगळा. तेव्हाही ती न वाजवता परत आली. तेव्हा आपण सगळ्यांनी केवढ्या पोस्टी टाकल्या! माझ्या पोस्टवर अध्यक्षकाकांनीच सगळ्यात मोठी कमेंट केली होती, "कलेला भाषा नसते". काका, ती कमेंट अजून तिथंच आहे.

या पोरांच्या मागं कोण आहे म्हणून विचारता? कोणी कंपनी नाही, नेता नाही. शंभर-दीडशे पोरंपोरी आहेत. निपाणी, गडहिंग्लज, चंदगड, कुठंही कार्यक्रम असू दे, दोघं-तिघं एका गाडीवर बसून पावसात भिजत पोचतात. अँप बिघडला तेव्हा त्यांनीच वर्गणी काढली. पहिल्या रांगेत हुक्केरीची एक मुलगी असते, तिला मराठी धड बोलता येत नाही, पण पाचही मराठी गाणी तोंडपाठ. असं माणूस आपल्या भाषेला मिळतंय, आणि आपण दार लावून घेतोय!

गाणं असंच पसरतं हो. दिल्लीचा इंडियन ओशन बँड घ्या, 1990 पासूनचा. त्यांच्या 'कंदिसा' या गाण्याचे शब्द अरामी या प्राचीन भाषेतल्या प्रार्थनेचे. सभागृहात त्या भाषेचं कोणी नसतं, तरी लोक डोळे मिटून गातात. रघु दीक्षितांना तर वर्षानुवर्षं कॅसेट-सीडीच्या कंपन्यांनी परत पाठवलं. शेवटी हिंदी सिनेमाचे संगीतकार विशाल-शेखर यांनी 2008 साली आपल्या लेबलवर त्यांचा पहिला अल्बम काढला. आणि हा लुंगी-घुंगरू घालून शरीफ गाणारा माणूस जन्मलाय कुठं? नाशिकला. करा आता त्याचा खटला.

चिडून लिहिलं बरंच. मघाशी उठून मुलाच्या खोलीत डोकावले. झोपेतही बोटं बेसच्या तारेवर असल्यासारखी हलत होती. तो चार वर्षांचा असताना आप्पा त्याला मांडीवर घेऊन त्याच सोप्यात हेच पद गुणगुणायचे. त्यानं ते आधी यूट्यूबवर नाही, आप्पांच्या तोंडून ऐकलंय. हे आज मीटिंगमध्ये त्यानं कुणालाच सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? मला नाही वाटत. पोरानं गाणं म्हणायला आजोबाच्या लाठ्या कशाला दाखवायच्या?

काकांची अडचण मला कळते. वर्गणीदार सांभाळायचे असतात, कोणी फोटो काढून भलतंच पसरवलं तर निस्तरायचं त्यांनाच. मान्य. पण सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना आधी जवळ बसवून चार शब्द बोलता आले असते.

तर रविवारी संध्याकाळी पाचला पोरं शहापूरला, माझ्या माहेरच्या घरी वाजवणार आहेत. सातही गाणी. पोस्टर नाही, तिकीट नाही, चहा आहे. काका, तुम्हीपण या, मनापासून बोलावते. छत्र्या पडवीत ठेवा. आणि सोप्यात मधल्या खांबाजवळ बसू नका कोणी, तिथं अजून गळतं. पातेलं ठेवलेलं असेल.