माड हलला म्हणून कॅमेऱ्याने ओरडायचं का?

नमस्कार. प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण नेमकी आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं: हर्णैला किनाऱ्यालगतच्या वाडीत कॅमेरा लावलात, मी सांगितलेली पार्श्वभूमी वजा करायची पद्धत (नेहमीचं दृश्य लक्षात ठेवायचं आणि त्याहून वेगळं दिसेल ते हललेलं धरायचं) चालवलीत आणि झावळ्यांपायी रात्रभर मोबाईल वाजत राहिला. वर सवाल, की १९९९ची गणितं अजून कशाला उगाळता, सरळ योलो, म्हणजे चित्रातल्या वस्तू नावानिशी ओळखणारं शिकवलेलं मॉडेल, लावा की!

या पद्धतीचं गणित मांडणारा स्टॉफर आणि ग्रिमसन या संशोधकांचा निबंध १९९९चाच. पण हलणाऱ्या फांद्यांचं दुखणं त्यांनीच तर हाती घेतलं होतं. झावळीच्या टोकाशी येणारा एकच पिक्सेल बघा. वारा आला की हिरवा, झावळी सरकली की आभाळाचा पांढुरका, परत हिरवा. दोन्हींची सरासरी काढलीत तर फिकट पोपटी रंग येतो, जो तिथे कधीच नसतो. मग प्रत्येक हेलकाव्याला गजर ठरलेला. त्यांनी एकेका पिक्सेलला तीन ते पाच 'नेहमीचे' रंग दिले. जो रंग वरचेवर दिसतो त्याचं वजन वाढतं, आणि वजनदार रंगांत न बसणारं काही आलं तरच ते हललेलं धरायचं.

मग तुमच्याकडे गजर का? तुम्ही चिकटवलेला कोड वाचला. ओपनसीव्ही या चित्रं हाताळणाऱ्या मोफत कोडसंग्रहातलं एमओजी२, म्हणजे याच पद्धतीचं तयार रूप, वापरलंय आणि शून्याहून जास्त ते सगळं हालचाल म्हणून मोजलंय. ते प्रत्येक पिक्सेलला एक आकडा देतं: पार्श्वभूमी ०, वस्तू २५५ आणि सावली १२७. खळ्यातल्या दिव्याखाली झावळ्यांच्या सावल्या नाचतात त्या सगळ्या तुम्ही चोर म्हणून मोजताय. २००च्या वरचंच हालचाल धरा, बराच गोंगाट तिथेच मिटेल. लाटांचा पट्टा तर सरळ झाकून टाका, समुद्रावर पहारा कशाला? आणि खांबच वाऱ्याने डुलत असेल तर आधी गवंडी बोलवा. सगळं चित्रच हललं की ही पद्धत हात टेकते.

योलोची बाजू मी एका ठिकाणी नक्की घेईन. एमओजी२ ज्यावर उभं आहे त्या झिवकोविचच्या २००४च्या निबंधातला हिशोब आहे: शिकण्याचा वेग (एका फ्रेममागे रंगाचं वजन किती बदलतं तो) ०.००१ आणि पार्श्वभूमीत जमा व्हायला लागणाऱ्या वजनाची मर्यादा ०.१ धरली तर थांबलेली वस्तू साधारण १०५ फ्रेममध्ये पार्श्वभूमीत मुरते. सेकंदाला २५ फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्याला हे जेमतेम चार सेकंद. होडीचा दोर सोडायला कुणी खाली बसला, की हा गडी दिसेनासा! योलोला तो बसलेलाही दिसू शकतो.

पण योलो शिकवलेलंच ओळखतं. ते सहसा ज्यावर शिकवतात त्या कोको या चित्रसंचात वस्तूंचे ८० प्रकार आहेत. त्यात माणूस आहे, होडी आहे, कुत्रा आहे. मासळीचा क्रेट नाही, जाळं नाही. तुमच्या पडवीतून जाळं ओढलं जात असेल आणि ओढणारा चौकटीबाहेर असेल, तर ते त्या यादीत कुठे बसणार? पार्श्वभूमी वजा करणाऱ्याला नावाशी देणंघेणं नसतं, जागचं काही सरकलं एवढंच तो सांगतो.

एक भानगड मात्र तुम्हाला ऑगस्टात भेटेल. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढून शाकारलेल्या. एवढ्या दिवसांत होडी पार्श्वभूमीच झालेली असते. ती पाण्यात गेली की मागे उघडी पडलेली वाळूच 'हलणारी वस्तू' म्हणून दिसते, होडीच्याच आकाराची. वरच्या हिशोबाने तीही मुरेल, पण तोवरचा गजर टाळायचा तर त्या दिवशी मॉडेल नव्याने सुरू करा. आणि योलो हवंच असेल तर हललेला तेवढाच तुकडा कापून त्याला द्या. अख्खी रात्र प्रत्येक फ्रेम चघळायला लावलीत तर तुमचा जुना लॅपटॉप तापेल.