दुर्बिणीने पेनन्ट चोरलं? १९५१चा हिशेब

अमेरिकन बेसबॉलमधल्या न्यूयॉर्क जायंट्स आणि ब्रुकलिन डॉजर्स यांच्या १९५१च्या शर्यतीचा विषय निघाला की एक दावा हमखास फिरतो: जायंट्सनी नॅशनल लीगचं विजेतेपद, म्हणजे पेनन्ट, दुर्बिणीतून कॅचरच्या खुणा (कोणता बॉल टाकायचा हे तो पिचरला बोटांनी सांगतो) चोरून मिळवलं आणि बॉबी थॉमसनचा शेवटच्या सामन्यातला तो निर्णायक होमरनही (थेट कुंपणापार फटका) त्यातलाच.

आधी खरं ते मान्य करू. खुणा चोरल्या जात होत्या. २००१ साली जोशुआ प्रेगर यांनी वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये ते पुराव्यानिशी मांडलं. जायंट्सच्या घरच्या मैदानाचं, पोलो ग्राउंड्सचं, क्लबहाउस थेट सेंटर फील्डच्या मागे, म्हणजे कॅचरच्या समोर, होतं. तिथून प्रशिक्षक हर्मन फ्रँक्स दुर्बीण लावून कॅचरची बोटं बघायचे, वायरने बुलपेनमध्ये (राखीव पिचर सराव करतात ती जागा) बझर वाजायचा आणि तिथला खेळाडू बॅटरला इशारा करायचा. २० जुलैपासून हे सुरू झालं. गडबड आहे ती पुढच्या निष्कर्षात.

‘दुर्बिणीमुळे बॅटिंग सुधारली.’ आकडे उलटं सांगतात. घरच्या मैदानावर २० जुलैपूर्वी जायंट्सची बॅटिंग सरासरी ०.२६३ होती, नंतर ०.२५६ झाली. सरासरी वाढली ती बाहेरच्या मैदानांवर, जिथे ना क्लबहाउसची ती खिडकी होती, ना बझर.

‘मग १३ सामन्यांची पिछाडी भरून कशी निघाली?’ ११ ऑगस्टच्या रात्री डॉजर्स ७०-३६ (विजय-पराभव), जायंट्स ५९-५१. तिथून जायंट्सनी ४४ पैकी ३७ जिंकले, त्यात सलग १६. डॉजर्स कोसळले असंही म्हणतात, पण त्यांनी उरलेल्या ४८ पैकी २६ जिंकले. याला कोसळणं म्हणत नाहीत. जायंट्सकडे सॅल मॅग्ली आणि लॅरी जॅन्सन या पिचरनी त्या मोसमात प्रत्येकी २३ विजय मिळवले, आणि दुर्बीण पिचरच्या काही कामाची नसते. मे महिन्यात विली मेज आला, जुलैच्या उत्तरार्धात थॉमसन थर्ड बेसवर गेला. दुर्बीण आणि हा बदल साधारण एकाच वेळी आले, मग श्रेय एकट्या दुर्बिणीला का?

एक मात्र कबूल करायला हवं. दोघेही ९६-५८वर बरोबरीत थांबले. दुर्बिणीने एखादा सामना मिळवून दिला असेल तर तेवढाही पुरेसा होता. पण ‘एखादा असेल’ आणि ‘पेनन्ट चोरलं’ यांत बरंच अंतर आहे.

‘प्लेऑफ तर दुर्बिणीनेच जिंकला.’ बरोबरी मोडायला तीन सामन्यांचा हा प्लेऑफ झाला, त्यातला पहिला ब्रुकलिनच्या एबट्स फील्डवर. टॉस डॉजर्सनी जिंकला आणि पहिली मॅच आपल्या घरी मागून घेतली, म्हणून उरलेल्या दोन पोलो ग्राउंड्सवर गेल्या. एबट्स फील्डवर दुर्बीण नसताना थॉमसनने डॉजर्सचा पिचर राल्फ ब्रँका यालाच होमरन मारला आणि जायंट्स ३-१ने जिंकले. दुसऱ्या दिवशी पोलो ग्राउंड्सवर डॉजर्सचा पिचर क्लेम लेबाइन याने जायंट्सना शून्यावर ठेवलं, १०-०. तिसऱ्या सामन्यात डॉजर्सच्याच डॉन न्यूकमने आठ इनिंगमध्ये एकच रन दिला. म्हणजे त्या दुर्बिणीसमोर सलग १७ इनिंगमध्ये एक रन!

‘नियमभंग होता.’ नजरेने खुणा टिपणं तेव्हाही चालायचं. यंत्राच्या मदतीने ते करण्यावर नॅशनल लीगने बंदी घातली १९६१मध्ये. शोभणारं नव्हतं, एवढंच.

राहिला तो होमरन. ३ ऑक्टोबर, शेवटची म्हणजे नववी इनिंग, डॉजर्स ४-१ने पुढे. जायंट्सचा अल डार्क फर्स्ट बेसवर आला. तीन रनांची आघाडी असताना त्याच्या रनला काही किंमत नव्हती, तरी डॉजर्सचा फर्स्ट बेसमन गिल हॉजेस त्याला अडवायला बेसला चिकटून उभा राहिला आणि डॉन म्युलरचा फटका त्याच्या बाजूच्या मोकळ्या जागेतून निघून गेला. मग माँटी अर्विन बाद, व्हायटी लॉकमनचा डबल (सेकंड बेसपर्यंत नेणारा फटका), ४-२. सेकंड बेसवर रनर असला की त्याला खुणा समोरूनच दिसतात, म्हणून कॅचर एकापाठोपाठ अनेक खुणा देतो आणि त्यातली एकच खरी असते. अशा वेळी दुर्बिणीतून बोटं दिसली तरी लगेच उलगडा होतोच असं नाही. त्या बॉलवर इशारा मिळाल्याचं थॉमसनने नाकारलं होतं.

शिवाय पोलो ग्राउंड्सवर डावीकडचं कुंपण मैदानाच्या कडेच्या रेषेवर जेमतेम २७९ फुटांवर. ज्याने दोनच दिवसांपूर्वी ब्रँकाला होमरन मारला होता, त्याच्यासमोर डॉजर्सचे मॅनेजर चार्ली ड्रेसन यांनी ब्रँकालाच आणलं. पहिला बॉल स्ट्राइक, दुसरा आत, उंचावर, वेगवान. थॉमसनचा होमरन, तीन रन. स्कोअर ५-४.