‘आधी खाली मुरू द्या’: एनएचएलच्या कोवळ्या पोरांबद्दलचा अर्धवट सल्ला

दर ऑक्टोबरात एनएचएलचा, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या सर्वात वरच्या आइस हॉकी लीगचा, हंगाम सुरू होतो आणि कुणा अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला पहिल्या आठ-दहा सामन्यांत गोल मिळत नाही. मग एक ठरलेला मजकूर फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: ‘पोरांना आधी एएचएलमध्ये (खालच्या लीगमध्ये) दोन-तीन वर्षं मुरू द्या. डेट्रॉइटने पंचवीस वर्षं हेच केलं. एडमंटनने घाई केली आणि पोरं जाळली. खाली जास्त मिनिटं मिळतात, आत्मविश्वास वाढतो. एनएचएलमधले नव्वद टक्के खेळाडू एएचएलमधूनच आलेले आहेत.’

वाचताना सगळं पटतं, कारण सल्ला सबुरीचा आहे आणि सबुरीच्या सल्ल्याला कोणी नाही म्हणत नाही. पण त्यातलं एकेक विधान तपासायला घेतलं की बरंच काही निसटतं.

नव्या वाचकांसाठी थोडी ओळख. ही बर्फावरची हॉकी. एनएचएलमध्ये ३२ संघ, त्याखालच्या एएचएलमध्येही ३२, आणि खालचा प्रत्येक संघ वरच्या एका संघाशी जोडलेला. आपल्याकडे लोक रणजी आणि कसोटीची उपमा देतात, ती फसवी आहे. मुंबईला रणजी करंडक स्वतःसाठी जिंकायचा असतो. टोरंटो मार्लीजमध्ये कोणाला किती खेळवायचं यावर मात्र मेपल लीफ्सच्या कचेरीची नजर असते. लीफ्सचं तिकीट परवडत नाही म्हणून मार्लीजचे सामने बघणाऱ्या आमच्यासारख्यांना हे चांगलं दिसतं: काल पहिल्या फळीत खेळलेला पोरगा आज संघातच नसतो, कारण दुपारी वरून फोन आलेला असतो.

आता डेट्रॉइट. १९९१ ते २०१६ सलग २५ हंगाम रेड विंग्ज प्लेऑफमध्ये होते, हे खरं. त्यांचे व्यवस्थापक केन हॉलंड पोरांना ग्रँड रॅपिड्सला, म्हणजे त्यांच्या एएचएल संघात, भरपूर पिकू देत, हेही खरं. गुस्ताव नीक्विस्ट आणि टोमास टाटर तिथूनच वर आले. २०१३ साली ग्रँड रॅपिड्सने एएचएलचा काल्डर कप जिंकला तेव्हा टाटर प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. पण ती पंचवीस वर्षं ज्यांच्या खांद्यावर उभी होती त्यांची नावं घ्या. स्टीव्ह आयझरमन १९८३ साली अठराव्या वर्षी थेट एनएचएलमध्ये आला आणि पहिल्याच हंगामात ८७ गुण (गोल आणि असिस्ट मिळून) केले. सर्गेई फेडोरोव्ह सोव्हिएत संघातून निसटून विसाव्या वर्षी थेट डेट्रॉइटच्या संघात. निकलास लिडस्ट्रॉम स्वीडनमधून थेट. पाव्हेल दात्सुक आणि हेन्रिक झेटरबर्ग दरवर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, अनुक्रमे १७१व्या आणि २१०व्या क्रमांकावर निवडले गेले, बावीस-तेवीस वर्षांचे होईपर्यंत थांबले, पण थांबले ते रशिया आणि स्वीडनमधल्या मोठ्या लीगमध्ये, मोठ्या माणसांबरोबर खेळत. या पाचांपैकी एकानेही एएचएलमध्ये उमेदवारी केलेली नाही.

डेट्रॉइट थांबू शकत होतं, कारण वर जागाच रिकामी नव्हती. लिडस्ट्रॉम आणि दात्सुक असलेल्या संघात बावीस वर्षांच्या पोराला बसवायचं कुठे? सोय होती, तिचा नंतर सिद्धांत झाला. तोच सिद्धांत हाताशी असताना रेड विंग्ज २०१७ ते २०२५ सलग नऊ वर्षं प्लेऑफबाहेर राहिले.

आयझरमन पुढे डेट्रॉइटचा व्यवस्थापक झाला, तिथली गोष्ट जास्त बोलकी आहे. २०१९ साली त्याने मोरित्झ सायडरला सहाव्या क्रमांकावर निवडलं आणि पहिलं वर्ष ग्रँड रॅपिड्सला, दुसरं स्वीडनमध्ये रोग्ले संघात घालवू दिलं. २०२० साली चौथ्या क्रमांकावर निवडलेल्या लुकास रेमंडला मात्र स्वीडनमधून थेट वर आणलं. दोघे २०२१-२२ मध्ये एकदमच एनएचएलमध्ये उतरले. सायडरने ५० गुण करून सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफी घेतली, रेमंडने ५७ गुण केले. क्लब एक, व्यवस्थापक एक, वर्ष एक आणि रस्ते दोन. सायडर बचावफळीतला, आणि बचावपटूची चूक थेट आपल्या जाळ्यात जाते; रेमंड विंगर, म्हणजे कडेने चढाई करणारा. माणूस आणि जागा बघून निर्णय घेतला गेला.

दुसरं विधान, ‘एडमंटनने पोरं जाळली’. हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, म्हणून जरा सावकाश बघू. एडमंटनला २०१०, २०११ आणि २०१२ अशी लागोपाठ तीन वर्षं पहिली निवड मिळाली: टेलर हॉल, रायन न्यूजंट-हॉपकिन्स, नेल याकुपोव्ह. तिघंही अठरा-एकोणीसच्या वयात थेट एनएचएलमध्ये. याकुपोव्हने छोट्या केलेल्या पहिल्या हंगामात ४८ सामन्यांत १७ गोल केले आणि पुढे तो विझत गेला. मजकुरात येतो तो फक्त हाच. हॉलने २०१८ साली न्यू जर्सीकडून ९३ गुणांच्या हंगामानंतर हार्ट ट्रॉफी, म्हणजे लीगच्या सर्वात मोलाच्या खेळाडूचा मान मिळवला. न्यूजंट-हॉपकिन्सने २०२२-२३ मध्ये एडमंटनकडूनच १०४ गुण केले. एकाच भट्टीतून तिघं गेले आणि एक करपला, तर दोष भट्टीचाच कसा? हॉल आणि न्यूजंट-हॉपकिन्स २०१२ साली मालकांनी खेळाडूंविरुद्ध पुकारलेल्या टाळेबंदीत ओक्लाहोमा सिटीकडून एएचएलमध्ये खेळले खरे, पण एनएचएलमध्ये पाय रोवून झाल्यावर.

एडमंटनचा खरा गुन्हा वेगळा होता. २०१० ते २०१५ या काळात टॉम रेनी, राल्फ क्रूगर, डॅलस एकिन्स, टॉड नेल्सन आणि मग टॉड मॅक्लेलन असे प्रशिक्षक बदलत गेले. दर नव्या माणसाबरोबर बचावाची पद्धत नवी. भोवती अनुभवी सेंटर नाहीत, भरवशाचे बचावपटू नाहीत. अशा घरात पोरगा विसाव्या वर्षी आला काय आणि बाविसाव्या वर्षी आला काय, ऐकायचं कोणाचं हा प्रश्न तसाच राहतो.

आणि याच एडमंटनने त्याच काळात एक निर्णय अगदी बरोबर घेतला होता. २०१४ साली तिसऱ्या क्रमांकावर निवडलेल्या लिऑन ड्रायसाइटलला त्यांनी वर ठेवलं, ३७ सामन्यांत २ गोल आणि ७ असिस्ट एवढंच निघालं, तेव्हा जानेवारीत कॅनडाच्या ज्युनियर लीगमध्ये, केलोना संघाकडे परत पाठवलं. तिथे तो ज्युनियरच्या मेमोरियल कपचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढच्या मोसमात बेकर्सफील्डला एएचएलचे सहा सामने, मग वर, आणि ५१ गुण. २०२० साली हार्ट ट्रॉफी. वर जाऊन अपयशी ठरलेला पोरगा जळून जातो असं म्हणणाऱ्यांनी त्याचं नाव लक्षात ठेवावं. जो थॉर्नटनचंही ठेवावं: १९९७-९८ मध्ये बोस्टनकडून ५५ सामन्यांत ७ गुण, आणि कारकीर्द संपताना १५३९.

नव्वद टक्क्यांचा मुद्दा लवकर आटपतो. एएचएल स्वतःच साधारण तेवढा आकडा अभिमानाने सांगते आणि तो खोटा नाही. पण त्या मोजणीत सहा सामने खेळलेला ड्रायसाइटलही येतो आणि चार वर्षं बसमधून हिंडलेला चौथ्या फळीचा खेळाडूही. शिवाय उलट बाजूने बघा: क्रॉस्बी, ओवेचकिन, मॅकडेव्हिड, मॅकिनन, मॅथ्यूज, मकार या बड्या ताऱ्यांपैकी कोणीही तिथून आलेलं नाही. लीगमध्ये बहुसंख्य कोण आहेत हे त्या आकड्यावरून कळतं. पहिल्या पाचात निवडलेल्या पोराचं काय करावं, याबद्दल तो आकडा गप्प आहे.

‘खाली जास्त मिनिटं मिळतात.’ हा मात्र त्या मजकुरातला सर्वात दमदार मुद्दा. वर चौथ्या फळीत आठ-दहा मिनिटं, पॉवर प्ले (समोरचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर असतानाचा खेळ) नाही, चूक झाली की बाकावर. खाली पहिली फळी, पॉवर प्ले, शेवटच्या मिनिटाला बर्फावर. त्यात एक गोष्ट मी भर घालीन, जी मजकूरवाले विसरतात: सराव. एएचएलचे सामने बरेचसे शुक्रवार ते रविवारात कोंबलेले असतात, म्हणून आठवड्याच्या मधले दिवस सरावाला मोकळे मिळतात. एनएचएलच्या ऐंशीहून जास्त सामन्यांच्या धबडग्यात ती चैन नसते. स्केटिंगमधला एखादा दोष काढायचा असेल तर हे दिवस सोन्याचे.

याचा सर्वात चांगला दाखला २००४-०५च्या टाळेबंदीतला. एनएचएलचा अख्खा हंगाम रद्द झाला आणि कितीतरी तरुण एएचएलमध्ये उतरले. एरिक स्टाल आदल्या वर्षी अठरा-एकोणीसच्या वयात कॅरोलायनाकडून ३१ गुण करून बसला होता. लोवेलला त्याने ७७ केले, आणि २००५-०६ मध्ये परत वर येऊन १०० गुण व एनएचएलचा स्टॅनली कप. पॅट्रिस बर्जरॉन बोस्टनकडून ३९, मग प्रॉव्हिडन्सला ६१, मग वर ७३. एएचएलचे भक्त हा पुरावा नेहमी देतात. पण क्रम बघा ना: दोघे आधी वर खेळले होते! वरचा वेग काय असतो, कोपऱ्यात पक (रबरी चकती) मिळवताना किती मार बसतो, हे त्यांना माहीत होतं, आणि नेमकं काय कमी पडतं हेही. शिवाय २००५-०६ मध्ये अडवाअडवीचे नियम कडक झाल्याने सगळ्या लीगचेच गोल वाढले, तेवढी वजावट करायलाच हवी.

आणि मिनिटं वरही देता येतात. माँट्रियालने २०२२ची पहिली निवड युराय स्लाफकोव्स्की याला पहिल्या वर्षी वर ठेवलं. ३९ सामन्यांत १० गुण, मग गुडघ्याची दुखापत. त्याला लावालला, खालच्या एएचएल संघात पाठवा अशी ओरड झाली. क्लबने ऐकलं नाही. पुढच्या हंगामात प्रशिक्षक मार्टिन सेंट लुई यांनी त्याला कर्णधार निक सुझुकीबरोबर पहिल्या फळीत घातलं आणि वर्षअखेर २० गोल, ५० गुण. त्या हंगामी माँट्रियालला जिंकायची घाई नव्हती, म्हणून हे जमलं. कपासाठी झुंजणाऱ्या संघाला जमलं नसतं.

आता मजकुरातल्या सरसकट ‘पोरांना’ या शब्दाकडे वळू, कारण तिथे मजकूर चक्क नियमांवर आपटतो. कॅनडाच्या ज्युनियर लीगमधून निवडलेला अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा एनएचएलमध्ये ठेवला नाही तर त्याला ज्युनियरला परत करावं लागतं. एनएचएल आणि त्या लीगांमधला करारच तसा आहे. अपवाद थोडे. युरोपातून निवडलेल्याला हे बंधन नाही, म्हणून सायडर, स्लाफकोव्स्की किंवा टोरंटोचा विल्यम नीलँडर यांना अठराव्या वर्षी एएचएलचा पर्याय होता; हॉल आणि याकुपोव्ह यांना नव्हता. तेव्हा ‘याकुपोव्हला एएचएलमध्ये का नाही पाठवलं’ हा प्रश्नच चुकीचा. पर्याय होता सार्नियाला परत जाऊन सतरा वर्षांच्या पोरांवर गोल चढवण्याचा. खेळाडू संघटनेबरोबरच्या २०२६पासूनच्या नव्या करारात एकोणिसाव्या वर्षासाठी प्रत्येक क्लबला एका खेळाडूपुरती वाट मोकळी करायची तरतूद आहे, आणि ज्युनियरच्या पोरांना आता अमेरिकन विद्यापीठांचीही दारं उघडली आहेत. गॅव्हिन मॅकेना २०२५ साली पेन स्टेटला गेला तो त्याच दारातून. म्हणजे दोन पर्यायांचा वाद इथून पुढे चार पर्यायांचा.

मग एएचएलचा उपयोग कोणाला? गोलरक्षकांना जवळजवळ नेहमीच, कारण वर जागा दोनच आणि दुसऱ्याला खेळायला मिळत नाही. कॉनर हेलेबक २०१४-१५ मध्ये सेंट जॉन्सला ५८ सामने खेळला, तेवढे त्याला वर कोणीच दिले नसते. आणि उशिरा निवडलेल्यांना. टँपाच्या एएचएल संघाची, नॉरफोकची टोळी आठवा: २०१२ साली सलग २८ विजय आणि काल्डर कप, प्रशिक्षक जॉन कूपर, संघात कोणीही न निवडलेला टायलर जॉन्सन आणि २०८व्या क्रमांकाचा आँद्रेय पालाट. २०१३ साली कूपर टँपाला गेले आणि हीच पोरं त्यांच्या हाताखाली वर खेळली. त्याच टँपाने स्टीव्हन स्टॅमकोसला २००८ साली अठराव्या वर्षी थेट उतरवलं होतं. पहिल्या वर्षी ४६ गुण, दुसऱ्या वर्षी ५१ गोल.

एक शेवटची गोष्ट, जी त्या मजकुरात कधीच नसते: वेव्हर्स. अनुभवी खेळाडूला खाली पाठवायचं तर आधी वेव्हर्सवर ठेवावं लागतं, आणि चोवीस तासांत दुसरा कोणताही क्लब त्याला उचलू शकतो. नव्या पोराला काही वर्षं यातून सूट असते. त्यामुळे ऑक्टोबरात २३ जणांची यादी ठरवताना आठव्या बचावपटूला गमवायचं नसेल तर सराव सामन्यांत त्याच्यापेक्षा चांगला खेळलेला पोरगा खाली जातो, आणि पत्रकार परिषदेत त्याला ‘विकास’ म्हणतात. पुढच्या वेळी कोणाला ‘मुरायला’ पाठवल्याची बातमी आली, की त्याच्या जागी वर कोण राहिलं आणि त्याला वेव्हर्स लागत होते का, एवढं आधी बघा.