आभा कार्ड म्हणजे ५ लाखांचा विमा नव्हे
खानापूर-निपाणीकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘आभा कार्ड काढा, ५ लाखांपर्यंत उपचार फुकट.’ हे साफ चूक. कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचं संरक्षण देते ती आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना, आणि तेही बीपीएल रेशनकार्डवाल्यांना. आभा हा नुसता १४ अंकी आरोग्य खाते क्रमांक. पैसे लागत नाहीत, सक्तीही नाही. म्हणून तो बिनकामाचा मात्र समजू नका. बेळगावात केलेल्या रक्ततपासणीचा रिपोर्ट कोल्हापुरातल्या डॉक्टरांना स्क्रीनवर दिसू शकतो. एक्स-रे, फाईलींची पिशवी सांभाळत एसटीत चढायला नको. अट एवढीच, दोन्ही दवाखाने आभाच्या यंत्रणेला जोडलेले हवेत (सगळे नाहीत, आधी विचारा) आणि तुमची संमती हवी. ‘५ लाख मंजूर झाले’ म्हणत फोनवर कुणी ओटीपी मागितला, तर सरळ फोन ठेवा.