‘खेळणी’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार. स्टॉकच्या मोजणीवर लक्ष कसं ठेवायचं हे आर्टिकल्सना, म्हणजे सीएच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलांना, डोळ्यांवर बांधायच्या व्हीआर हेडसेटवर शिकवण्याबद्दल मी लिहिलं, त्यावर आपण म्हणता, “ज्यांनी गोदामाची धूळ खाल्ली नाही, तेच मुलांच्या डोळ्यांवर असली खेळणी बांधतात.” पुढे खर्चाचं आणि लहान फर्मना परवडण्याचं आहे. पण मी या वाक्यावरच बोलणार. ते लेखाबद्दल नाही, माझ्याबद्दल आहे.

३१ मार्च २००८. आर्टिकलशिपचं पहिलं वर्ष, अंबडच्या एमआयडीसीतली पत्र्याची शेड. सर दुसऱ्या क्लायंटकडे, इथे मी एकटा. स्टोअरकीपर काका चहा पाजत आकडे सांगत होते, मी लिहून घेत होतो. खोक्यांची मोठी थप्पी होती. आडवी आठ, उभी सहा, आत पाच. गुणाकार केला, २४० लिहिले, सही केली. थप्पीच्या मागे गेलो नाही. दोन महिन्यांनी कळलं, थप्पी मधून पोकळ होती. सरांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला. अक्षर माझं, सही माझी. धूळ भरपूर खाल्ली होती हो, दिसलं मात्र काहीच नव्हतं.

तीच थप्पी आज आमच्या हेडसेटमधल्या सिम्युलेशनमध्ये, म्हणजे आभासी गोदामात आहे. मागे न जाणाऱ्याला पोकळी दिसत नाही. मोजणी संपली की त्याला ती वरून दाखवतो. मोजणी चालू असतानाच गेटवर ट्रक भरला जातो; माल बाहेर नेणाऱ्या शेवटच्या चलनाचा (पावतीचा) नंबर कोण टिपतो ते आम्ही बघतो. मोजणीच्या शीटवर लिहिलेला माल शोधायला सगळे धावतात, पण समोरचा माल शीटवर आहे का, हे उलटं फार थोडे तपासतात.

“प्रत्यक्ष गेलं की कळतंच,” असं आपण ठामपणे लिहिलंत. १९६३ च्या अमेरिकेतल्या तेल घोटाळ्यात तपासणारे टाक्यांपर्यंत गेलेच होते. वर तेल, खाली पाणी. ऑडिटचं मानक एसए ५०१ सुद्धा नुसती हजेरी मागत नाही. कंपनीची मोजणी कशी चाललीय ते पाहा, माल तपासा, स्वतः थोडा माल मोजून टेस्ट काउंट घ्या, असं सांगतं.

एक चूक मान्य. आर्टिकलशिप आता दोन वर्षांची आहे, मी सवयीने तीन लिहिलं, दुरुस्त केलं. पण मग मुलांच्या वाट्याला ३१ मार्च येतात किती? दोन. त्यातला एक माझ्यासारखा वाया घालवायचा का?

खर्चाचं म्हणाल तर आकडे मांडा, मग बोलू. आणि हेडसेटनंतर मुलांना खऱ्या गोदामात नेतोच, हे लेखाच्या शेवटी स्पष्ट लिहिलंय. तिथपर्यंत वाचायची तसदी घेतली असतीत तर बरं झालं असतं.

मागच्या मार्चमध्ये सिन्नरच्या एका गोदामात आमच्या आर्टिकल मुलीने शिडी मागितली. “ताई, वर काय बघायचंय? सगळं सारखंच आहे,” स्टोअरकीपर म्हणाले. ती वर चढली, आणि मागच्या रांगेतली खोकी एकेक करून हलवून पाहिली.