व्हिडिओ कॉलवर मोरी

मुलाने बॉस्टनजवळ जुनं घर घेतलं आणि भोगतोय मी. तिकडे घर घेण्याआधी तपासनीस येऊन तळघरापासून छपरापर्यंत सगळं उकरतो. त्याला सिंकखाली 'एस ट्रॅप' सापडला आणि टबाशेजारी जमिनीखाली डब्यासारखा 'ड्रम ट्रॅप'. ट्रॅप म्हणजे थोडं पाणी अडवून गटाराचा वास थोपवणारा पाइपाचा भाग. नवीन कामात दोन्ही सहसा बाद. मुलाने ते बदलून घेतले, खर्चाचा आकडा आम्हाला सांगितला नाही, आणि एका रविवारी कॉल करून म्हणाला, "बाबा, फोंड्याची मोरी दाखवा बघू."

लोक व्हिडिओ कॉलवर नातवंडं बघतात. मी ओल्या फरशीवर उकिडवा बसून, एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात टॉर्च धरून, सातासमुद्रापार गटार दाखवत होतो. "ती जाळी काढा." काढली. आत बिडाची पालथी वाटी. "बेल ट्रॅप!" तो असा किंचाळला, की स्वयंपाकघरातून ही काठी घेऊन आली. तिला वाटलं, नाग निघाला.

गोवा १९६१ साली मुक्त झाला, आमची मोरी मात्र अजून पोर्तुगिजांच्याच ताब्यात आहे. मधोमध पाइपाचं तोंड वर आलेलं, त्यावर ही वाटी, तिची कड भोवतालच्या पाण्यात बुडलेली. तेवढ्या बोटभर पाण्याच्या जिवावर सेप्टिक टाकीचा वास पलीकडे थांबतो. वाटी उचलली की वाट मोकळी, झुरळांना तर खुलं आमंत्रण. आणि आमच्याकडे ती रोज उचलली जाते, कारण केस अडकून पाणी तुंबतं. गेल्या पावसाळ्यात ती कित्येक दिवस खिडकीत होती. कपड्यांच्या साबणाचा तुकडा ठेवायला हिला तिचा आकार फार सोयीचा वाटला.

मग बेसिन. पाणी सोडलं, शेवटी नेहमीचा 'गुडुक' झाला. मला तो आवाज लहानपणापासून आवडतो. तर तोच रोग निघाला! बेसिनखालच्या एसच्या शेपटीतून सरळ खाली पडणारं पाणी, वास अडवायला थांबलेलं पाणीही मागोमाग ओढून नेतं आणि ट्रॅप कोरडा पडतो. हा एस आकाराचा पाइप १७७५ साली अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीने आपल्या संडासाच्या पेटंटमध्ये घातला. घड्याळं सोडून त्याला ही बुद्धी का व्हावी!

'फाल्यां येतां', म्हणजे उद्या येतो, म्हणत म्हणत एकदाचा प्लंबर आला. वाटी हातात घेऊन त्याने देवाच्या घंटेसारखी वाजवून पाहिली. "पात्रांव, असलें बीड आतां मेळना. फरशी फोडची पडटली." फरशी म्हणताच ही दारात उभी राहिली. त्याने मुकाट्याने वाटी जागेवर ठेवली, वर तांब्याभर पाणी ओतलं आणि दोनशे रुपये घेतले.

मुलाला हे पटलेलं नाही. त्याला आता व्हेंट पाइप, म्हणजे सांडपाण्याच्या पाइपांना हवा देणारा पाइप, बघायचा आहे. तो छपरावर असतो. आमचं छप्पर कौलांचं, आणि बाहेर आषाढ. मी रेंज नाही म्हणून कळवलं आहे.