दोन भाषांना दोष देऊ नका

स्पीच थेरपीत, म्हणजे मुलांच्या बोलण्यातल्या अडचणींवरच्या उपचारात, खेळणी कशी वापरतात हे तुमच्या लेखात छान सांगितलंय. आमच्या बेळगाव-खानापूर भागातल्या पालकांसाठी एक जोडते. मूल उशिरा बोलायला लागलं की इथे पहिला सल्ला येतो, "घरी मराठी, गल्लीत कन्नड, बालवाडीत इंग्लिश, पोर गोंधळलंय, एकच भाषा ठेवा." दोन-तीन भाषा कानावर पडल्याने वाचादोष होत नाही हो! आजीची मराठी तोडू नका. मुलाला नीट ऐकू येतं का, हे बघायला आधी कानांची तपासणी करून घ्या.

आणि बटण दाबलं की गाणारी महागडी खेळणी नकोत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १० ते १६ महिन्यांच्या बाळांशी पालक अशा खेळण्यांसोबत कमी बोलले, पुस्तकांसोबत सर्वांत जास्त. खेळणंच बडबडायला लागलं की माणूस गप्प होतो. बेंदराचे मातीचे बैल, भातुकलीची भांडी पुरतात. माझ्या भाचीच्या थेरपिस्ट बाई बैल मुठीत धरून थांबायच्या, ती "दे" म्हणेपर्यंत, निदान हात पुढे करून आवाज काढेपर्यंत. ते थांबणं घरी जमत नाही, आपण लगेच देऊन टाकतो. म्हणून थेरपिस्टनी आजी-आजोबांनाही सोबत बसवून घ्यावं, ही कळकळीची विनंती.